पंपाची वीज आणि कुळागराचे पाणी



गोव्याच्या कुळागरांत पूर्वी पाणी उताराने आपणहून येत असे. डोंगरातील झरीचे पाणी पाटाने माडापोफळींच्या मुळाशी पोचे. त्यास इंधन लागत नसे. जेथे असे पाट आजही वाहते आहेत, तेथे ते गाळ काढून जपणे ही ऊर्जाबचतीची पहिली पायरी होय.

जेथे विहीर व वीजपंप हाच आधार आहे, तेथे चैत्र-वैशाखात पाण्याची धार बारीक झाली की अधिक अश्वशक्तीची मोटार बसविण्याचा विचार पुढे येतो. परंतु मोटार पाणी निर्माण करीत नाही. ती केवळ उचलते. म्हणून खर्च करण्यापूर्वी असलेल्या पंपाची परीक्षा करावी.

परीक्षा सोपी आहे. २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते पाहावे आणि तासाभरात मीटरवर किती युनिटे पडतात ते टिपावे. पाण्याच्या पातळीपासून नळीच्या तोंडापर्यंतची उभी उंची २० मीटर असेल, तर काहीही वाया न गेल्यास एका युनिटमध्ये सुमारे १८,००० लिटर पाणी वर येईल. प्रत्यक्षात याच्या निम्मे मिळाले तरी पंप चांगला समजावा. समजा, पिंप ४० सेकंदांत भरले आणि तासाला ४ युनिटे पडली, तर एका युनिटला ४,५०० लिटर, म्हणजे केवळ चौथा हिस्सा मिळाला. उरलेली वीज वाया गेली.

ती कोठे जाते? बराचसा भाग अरुंद नळीत जातो. तेवढेच पाणी दोन इंचीऐवजी तीन इंची नळीतून नेल्यास घर्षणाने होणारी हानी सुमारे सातव्या हिश्शावर येते. काटकोनी कोपऱ्यांऐवजी लांब वळणाचे बाक घालावेत. कचरा अडकलेला फूट व्हॉल्व्ह साफ करावा. त्याची छिद्रे पुरेशी मोठी असावीत. जमिनीवरचा पंप पाण्याच्या पातळीपासून सहा मीटरांहून उंच नसावा. नळीचे तोंड टाकीच्या वर उंच धरल्याने धार शोभते, पण तेवढी उचल फुकट जाते. ही कामे वीजपुरवठा बंद करून, जाणकार तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावीत.

मोटार बदलणे अटळ झालेच, तर उंची व पाण्याची गरज पाहून योग्य मापाची, ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन असलेली घ्यावी. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये हा ब्युरो मार्च २००२ पासून कार्यरत आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. सुधारलेला पंप तासाला अधिक पाणी उपसतो. तो पूर्वीइतकेच तास चालविला, तर विजेचे बिल उतरणार नाही आणि विहीर मात्र लवकर आटेल. शेजाऱ्याच्या विहिरीसही त्याची झळ पोचेल. म्हणून पंपाचे तास कमी करावेत, झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि शक्य तेथे ठिबक सिंचन योजावे.

शाळांतील विज्ञानशिक्षकांनी ही पिंपाची परीक्षा विद्यार्थ्यांकडून गावातील एखाद्या विहिरीवर करवून घेतल्यास गणित व शेती दोन्ही साधतील. पंचायतीने असे आकडे फलकावर लावावेत. वीज आणि पाणी यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जाईल, तेव्हाच पावसाळ्यापर्यंत विहिरीत पाणी टिकेल.