वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलावे



नुकत्याच वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. माझे मत विद्वानाचे नव्हे, साध्या वाचकाचे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी यंदा प्रथमच समग्र वाचली. हा ग्रंथ १९३४ पासून क्रमाने चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील वेचा मी वर्गात अनेकदा शिकविला होता. अर्थ मी सांगावा व मुलांनी तो उतरून घ्यावा, अशी रीत होती. तुम्हांस काय वाटले, हे मी कधी विचारलेच नाही.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सत्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या या पुरुषाविषयी मला फार आदर वाटला व तो मी घरी बोलून दाखविला. आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “त्यांनी सोडले ते स्वेच्छेने, बाईंचे मात्र न विचारता सुटले.” मी निरुत्तर झालो. तीच पाने पुन्हा वाचली, तेव्हा विनोदाआडचे दुःख मला दिसले.

आपल्या ज्ञातीत पुस्तके घेणारी घरे पुष्कळ आहेत, त्यांविषयी बोलणारी थोडी. तरी महिन्यातून एकदा घरातील लेकीसुनांना त्यांचे मत विचारावे, आणि मधे न बोलता ते ऐकावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.