बालकांचा मेंदू, दृष्टी आणि मेदाम्ले

(भंडारा जिल्ह्यातील सरपंच, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यापुढे केलेले भाषण)



बाळाची बुद्धी व नजर तेज व्हावी म्हणून डीएचएयुक्त भुकटीचा डबा घ्यावा काय, असे माता अंगणवाडीत विचारतात. रोवणीच्या मजुरीतून हा डबा येतो. म्हणून उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

डीएचए हे मेदाम्ल मेंदूत व डोळ्याच्या दृष्टिपटलात विपुल असते. गर्भारपणाचे अखेरचे तीन महिने व जन्मानंतरची पहिली दोन वर्षे ते तेथे झपाट्याने साठते. परंतु शरीराला आवश्यक असलेली वस्तू वरून दिली की लाभ होतोच, असे नाही. बेळगाव येथे ९५७ गर्भवतींच्या अभ्यासात एका गटाला प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वर्षाच्या बालकांच्या विकासात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. फार अपुऱ्या दिवसांच्या बालकांची गोष्ट निराळी. २९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांना रुग्णालयात डीएचए दिल्यावर पाचव्या वर्षी बुद्ध्यांक सुमारे साडेतीन गुणांनी अधिक भरला, असे २०२२ साली दिसून आले. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा, दुकानदाराचा नव्हे.

पूर्ण दिवसांच्या बाळाला आईच्या दुधातूनच डीएचए मिळते. तेव्हा आईच्या ताटाकडे पाहावे. उभ्या धानाच्या बांधीत जवस व लाखोळी पेरण्याची उतेरा पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. शरीर त्याचे थोडेच डीएचए बनविते, हे खरे. पण जवसाची चटणी डब्यापेक्षा स्वस्त व आपली आहे. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलावातील मासळीत तयार डीएचए असते, समुद्राच्या मासळीइतके नसले तरी. ज्यांना चालते त्यांच्या घरी गर्भवतीला व लहानग्यांना तिचा वाटा आधी मिळतो काय? बहुधा तो शेवटी मिळतो.

नजरेसाठी त्याहून निकडीचे अ जीवनसत्त्व. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याच्या नऊ मात्रा मोफत मिळतात. बुद्धीसाठी लोह व आयोडीन यांना पर्याय नाही.

आणखी एक. दोन वर्षांखालील बालकांच्या दुग्धपर्यायी अन्नाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. गावात असा फलक लागल्यास ग्रामपंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस लेखी कळवावे.