नवख्याने कोणते पात्र घ्यावे?

रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैठ्या खेळात कोणी कोणावर मात करायची नसते. चार-पाच जण एकेक पात्र घेऊन बसतात, आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगतात, आणि डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा व नियमांचा निवाडा करणारा सूत्रधार, त्या कृतीचे फळ फाशांच्या आधारे ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच क्लास होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात ते १२ झाले. क्लास म्हणजे पात्राचा पेशा, आणि नवखा खेळाडू पहिल्याच बैठकीत अडखळतो तो बहुधा या निवडीपाशी.

पात्र घेऊन आयत्या वेळी बोलण्याची ही रीत मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी मराठीतही तसे काही व्हावे अशी इच्छा धरली आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी, प्रसंग पाहून रचत. पुढे या धाटणीच्या नाटकांत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे नटांचे ठरीव गट पडले. राक्षसाचे सोंग घेणाऱ्याचे आरोळ्या आणि तलवारीचे हात एवढ्यावर पुष्कळसे भागे, पण सूत्रधाराला अख्खे आख्यान मुखोद्गत लागे. तेव्हा नवशिक्याला कोठे उभे करावे हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

हाच न्याय लावला तर फायटर, म्हणजे लढवय्या, हा नवख्याचा पहिला क्लास ठरतो. पहिल्या पातळीवरील, म्हणजे नुकत्याच खेळात उतरलेल्या, लढवय्याचे अंगबळ १६ असेल, तर वार करताना तो वीस पैलूंचा फासा टाकतो, त्यात तेवढ्या अंगबळाबद्दल मिळणारे ३ आणि सरावाचे २ मिळवतो, आणि समोरच्या गॉब्लिनचा, म्हणजे खुज्या लुटारू राक्षसाचा, बचावाचा आकडा १५ असल्यामुळे फाशावर १० किंवा अधिक पडले की घाव बसतो. एवढे एक गणित पाठ झाले की निम्मा खेळ हाती आला. तिसऱ्या पातळीला चॅम्पियन ही शाखा घेतल्यास २० प्रमाणेच १९ पडले तरी घाव वर्मी बसतो, आणि त्यासाठी खेळाडूला नवे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

विझार्ड, म्हणजे पोथीतला जादूगार, याच्या उलट. त्याच्या पोथीत आरंभीच पहिल्या पातळीचे सहा मंत्र असतात, त्यांतले रोज कोणते सज्ज ठेवायचे ते आधी ठरवावे लागते, आणि ते म्हणण्याची ताकद सुरुवातीला दिवसाकाठी दोनदा, थोड्या विसाव्यानंतर फार तर आणखी एकदा. शिवाय अंगातला जीव बेताचा: लढवय्याचा हिशेब १० पासून सुरू होतो, याचा ६ पासून. जादूचीच हौस असेल तर सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादूगार, बरा. त्याला सुरुवातीला पहिल्या पातळीचे दोनच मंत्र येतात आणि रोजची निवड करावी लागत नाही. बार्बेरियन, म्हणजे संतापून लढणारा रानवट वीर, हाही सोपा. रोग, म्हणजे चोरपावली वार करणारा, जरा अधिक सावधपण मागतो.

सोपेपणाचा विचार करताना भाषेचा मुद्दा सहसा निसटतो, आणि बेळगावसारख्या अनेकभाषी शहरात तो निसटून चालणार नाही. तिथल्या खडेबाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच दुकानात सहज नांदतात. तशाच मिश्र बोलीत हा खेळही रंगू शकतो, पण नियमपुस्तक इंग्रजीत असते. ‘ढाल पुढे धरून दाराशी उभा राहतो’ हे लढवय्याचा खेळाडू कोणत्याही भाषेत, पुस्तक न उघडता, सांगू शकतो. जादूगाराला मात्र प्रत्येक मंत्राचा पल्ला, अवधी आणि अटी इंग्रजी परिच्छेदातून शोधाव्या लागतात, आणि तोवर बाकीचे चहा संपवतात.

एक वाईट चाल मात्र मोडायला हवी. जखमा भरून काढणारे कोणीतरी हवे म्हणून क्लेरिक, म्हणजे धर्मोपासक, उशिरा आलेल्या नवख्याच्या गळ्यात मारला जातो, जरी त्याला साऱ्या मंत्रयादीतून रोज निवड करावी लागते आणि इतरांची गरज सांभाळता सांभाळता त्याची स्वतःची हौस राहून जाते. पहिल्या बैठकीला धर्मोपासक जुन्या खेळाडूने घ्यावा आणि तलवार नवख्याच्या हाती द्यावी.