घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका



सासवडकडचा वाटाणा, अंजीर, सीताफळ घेऊन तुमचे टेम्पो दिवे घाट उतरतात आणि हडपसरवरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. गाडी डिझेल फार खाते, ही तक्रार नेहमीचीच. मग काहीजण घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करतात. कोणी तर इंजिनच बंद करतात. त्यांना वाटतं, उताराला गाडी फुकटात जाते.

तसं होत नाही, बरं का. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप नोझलला डिझेल सोडायचं थांबवतो. न्यूट्रल केलीत, की इंजिनला चालू राहण्यापुरतं डिझेल लागतंच. म्हणजे वाचवायला गेलात तिथंच जळलं! शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले, की ऐन वळणावर धरत नाहीत. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारा जोर जातो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि मागं भरलेल्या मालाचा रेटा असतोच. तेव्हा साधारण ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरा.

डिझेल वाचवायच्या जागा निराळ्या आहेत. टायरची हवा थंड टायरला, मालाच्या वजनाप्रमाणं तपासा. एअर फिल्टर धुळीनं भरला, की इंजिन घुसमटतं आणि काळा धूर सोडतं. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचं तर हे आधी बघा. क्रेट उंच रचून ताडपत्री सैल सोडू नका. ती वारा धरते. यार्डात गाड्यांची रांग लागली, की इंजिन बंद करा. तिथं ते खुशाल बंद करावं, घाटात नव्हे. डिझेलच्या नळीवर चुंबक बसवा म्हणून कोणी गळ घातली, तर पैसे खिशातच राहू द्या.

आता हिशेब. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा काठोकाठ भरताना जेवढे लिटर बसले, त्यांनी झालेल्या किलोमीटरला भागा. ॲव्हरेज एकाएकी घसरलं, तर ड्रायव्हरला बोलायच्या आधी गाडी बघा. सपाट रस्त्यावरून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर बहुधा त्याचा ब्रेक चिकटतो आहे. हात जरा लांबूनच धरा, पोळतो.