टोमॅटोचा ट्रक आणि अटारीचं फाटक



संयोजकांनी मला "धंद्याविषयी दहा मिनिटं बोल" असं सांगितलं. पिंपळगाव बसवंतात उभं राहून टोमॅटोविषयी बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवायचा. समोरच्या निम्म्या लोकांच्या घरी तो पिकतो. म्हणून मी बोलतो अटारीविषयी. पाच वर्षं माझा माल तिथून पाकिस्तानात गेला. इथे बसलेल्या एका मित्राने मला त्यावरून एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडून राहून गेलंय.

भूगोलाचे सर इथे आहेत. सर, तुम्ही आठवीत ग्रँड ट्रंक रोड दाखवताना छडी कोलकात्यापासून जी सरकवली, ती अमृतसर, लाहोर करत थेट पेशावरला नेलीत. मधली सीमेची रेघ छडीखाली झाकली गेली होती. त्याच रस्त्यावर अमृतसरच्या पुढे साधारण 28 किलोमीटरवर अटारी आहे. गाव तसं लहान. सोब्रांवच्या लढाईत 1846 मध्ये पडलेल्या सरदार शामसिंग अटारीवाल्यांचं हे गाव, त्यांची समाधी तिथेच आहे. पलीकडे वाघा, आणि वाघ्यापासून लाहोर आपल्याला नाशिक जेवढं, जवळपास तेवढंच. आणखी एक गंमत. आपल्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याचा जुना क्रमांक राष्ट्रीय महामार्ग 3. रस्त्यांचे क्रमांक बदलले आणि हा 3 नंबर गेला अटारी ते लेह या रस्त्याला. पहिल्यांदा तो दगड पाहिला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हणालो, "अरे, आपण घरीच आलो की!"

आपल्याला टीव्हीवर दिसतं ते संध्याकाळचं फाटक, पाय आपटणारे जवान आणि टाळ्या वाजवणारी गर्दी. मालाचं फाटक वेगळं. 13 एप्रिल 2012 रोजी तिथे एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला, जवळपास 120 एकरांचा. गोदामं, वजनकाटे, कस्टमची कचेरी, सगळं एका आवारात. त्याआधी सीमेवरचे जुने लोक सांगत, इकडचा हमाल रेघेपर्यंत ओझं न्यायचा आणि तिकडचा हमाल ते डोक्यावरून डोक्यावर घ्यायचा. 2007 च्या ऑक्टोबरपासून ट्रक रेघ ओलांडू लागले.

पण ट्रक आले तरी हमालाचं काम संपलं नाही. आमचा ट्रक दीड हजार किलोमीटरच्या वर चालून यायचा, तो अटारीतच रिकामा व्हायचा. पलीकडे जायची परवानगी असलेल्या तिथल्या ट्रकवर माल पुन्हा चढायचा, तो वाघ्याला उतरवून ट्रक परतायचा. म्हणजे दर खोक्याला तिथे दोन वेळा हात लागणार. सुमारे 1400 हमाल या एका नाक्यावर जगत होते. आसपासच्या गावांतली माणसं, पुष्कळांची शेती तारेच्या कुंपणाला लागून.

आमच्यासाठी काम करणाऱ्या टोळीचा एक मुकादम होता. आम्ही त्याला चाचाजी म्हणायचो, तो मला "नासिकवाले". टोमॅटो उतरवताना तो पोरांवर ओरडायचा. सिमेंटची गोणी आपटली तर चालते, हे आपटलं की गेलं. पाकिस्तानातून सिमेंट, जिप्सम आणि खारीक यायची. बायांनो, ओटीत घालता ती खारीक बहुतेक सिंधमधली असायची, आणि उपासाचं शेंदेलोण पलीकडच्या पंजाबातलं, खेवड्याच्या खाणीतलं. अफगाणिस्तानातून अंजीर, जर्दाळू, जेष्ठमध यायचं. अफगाण ट्रक मात्र रिकामे परत जायचे, भारताचा माल त्यांना भरून न्यायची मुभा पाकिस्तानने दिली नव्हती. आपल्याकडूनही रस्त्याने 137 प्रकारच्याच वस्तू घ्यायच्या असा पाकिस्तानचा नियम होता. टोमॅटो त्यात बसत होता.

माझी फजितीही सांगतो. एका हंगामात भाव चढा होता म्हणून मी लालभडक माल भरला. लांबच्या वाटेला थोडा हिरवट, नुकता रंग धरलेला माल भरायचा असतो हे मला कळत नव्हतं असं नाही, हाव झाली. अटारीला पुढे गाड्यांची रांग, वरून ऊन. तिसऱ्या दिवशी खोक्यांच्या तळातून पाणी गळायला लागलं. चाचाजीने न सांगता टोळी बसवली आणि रात्रभर माल निवडला. निम्म्याहून जास्त वाचला. मी मजुरी वर देऊ लागलो तर म्हणाला, "पुढच्या गाडीचं काम आम्हालाच दे, बास." ती पुढची गाडी हीच त्याची कमाई होती. सीमेवरच्या गावाला पिकाचा भाव नसतो कळत, गाडी आली की नाही एवढंच कळतं.

2017 मध्ये पाकिस्तानने आपला टोमॅटो घेणं बंद केलं. त्यांच्याकडे टोमॅटो भडकला, इथे आपण क्रेटला मिळेल तो भाव घेऊन घरी गेलो. मी बांगलादेशाकडे आणि दुबईकडे वळलो. चाचाजीला वळायला जागा नव्हती, पण खारीक आणि सिमेंट होतं. मग फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामा झालं. आपण पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात लावली, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. समझौता एक्स्प्रेस 1976 पासूनची, तीही थांबली. त्यानंतर नाक्यावर राहिला तो मुख्यतः अफगाण माल. मध्ये 2022 च्या फेब्रुवारीत मात्र उलटं घडलं. अफगाण ट्रक रिकामे आत आले आणि आपला मदतीचा गहू भरून पाकिस्तानातून काबूलच्या वाटेला गेले. चाचाजी फोनवर एवढंच म्हणाला, "भरलेली गाडी पाठवली आज."

पुलवामानंतरच्या त्याच आठवड्यात आपल्या वर्गातल्या फौजीने मला स्टँडवरच्या टपरीवर विचारलं होतं, "त्यांना टोमॅटो खाऊ घालून तू किती कमावलेस रे?" चार जण ऐकत होते. मी चहा तसाच ठेवून निघालो.

भाऊ, कमावलं. ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, पोरीची फी भरली. तू सियाचीनला होतास त्या वर्षीही कमावलं. ते लपवायचं कारण नाही. आणि मला बंदी चुकीची वाटली असंही नाही, जवानांच्या शवपेट्या आल्या त्या दिवशी मला पाठवायला सांगितलं असतं तरी मी गाडी भरली नसती. त्याच नाक्यावर 2019 च्या जूनमध्ये शेंदेलोणाच्या गोण्यांत 532 किलो हेरॉइन सापडलं, हेही मला माहीत आहे. फाटकातून काय काय येतं ते हमालाला आपल्याआधी कळतं.

पण तू विचारलंस तेव्हा माझ्या डोळ्यासमोर पाकिस्तान नव्हता. तळातून पाणी गळणारी खोकी होती आणि दिव्याखाली उकिडवी बसलेली पंधरा पंजाबी माणसं. ती तुझ्याच बाजूची होती. 200 टक्के जकात इस्लामाबादने किती सोसली ते मोठे लोक सांगतील. चाचाजीची टोळी मोडली एवढं मी सांगू शकतो. दोघं अमृतसरला रिक्षा चालवतात, एक दुबईला गेला.

पहलगामनंतर, 2025 च्या 23 एप्रिलला, नाका पूर्ण बंद झाला. मे महिन्यात अडकलेले 160 अफगाण ट्रक तेवढे आत घेतले. त्यांतल्या काहींवर चाचाजीला काम मिळालं. जर्दाळूचा वास येत होता म्हणाला, बराचसा आंबला होता. मग त्याने विचारलं, "नासिकवाले, टोमॅटो क्या भाव चल रहा है?" मी भाव सांगितला. त्याला त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्याने दोनदा विचारला.

फौजी, जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी जागा धरून ठेव. त्या दिवशीच्या चहाचे पैसेही तूच दिले होतेस.