गुडघेदुखी, मोत्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या



आपल्या शिरोलीत फौंड्रीच्या पाळीवर उभे राहून पुरुषांचे आणि ओट्यापाशी उभे राहून आपले गुडघे धरतात. आमचा म्हातारा मोत्याही उठताना कण्हतो. सासूबाई म्हणतात, "माझ्यातली अर्धी गोळी त्यालाही घाल की!" मी घालत नाही.

'क' जीवनसत्त्व कुत्र्याच्या यकृतातच तयार होते. आपल्याला ते आवळा-पेरूतून घ्यावे लागते. 'ड'ला तर फार जपावे. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची पुडी लहान कुत्र्याच्या पोटात गेली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. माणसांनीही ती डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यावी. 'ड' कमी पडून हाडे दुखत असतील तर तिने गुण येतो. झिजलेला सांधा मात्र कोणत्याच जीवनसत्त्वाने भरून येत नाही. आणि आपली दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन वगैरे, कुत्र्याला मुळीच नको. पोटात व्रण होतात. जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

वजन उतरले की सांध्यावरचा भार हलका होतो, त्याचा आणि आपलाही. मोत्याची भाकरी मी अर्ध्यावर आणली, रोज थोडे चालवते. सासूबाईही काठी टेकत कोपऱ्यापर्यंत येतात. पेढा मात्र सोडायला तयार नाहीत.