‘विठोबाकडे काय मागितलंत?’



संयोजकांनी ‘वारीचे अनुभव सांग’ म्हटलं. पण तुमच्यापैकी बरेच जण वारी टीव्हीवर बघता, तेव्हा त्या टीव्हीतल्या वारीबद्दलच बोलतो.

आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. टीव्हीवर त्यातलं दिसतं काय? दिवे घाट, रिंगणाचा अश्व, एकादशीची शासकीय महापूजा, आणि एक दिवसापुरती नऊवारी नेसून फुगडी घालणारी एखादी नटी. फुगडीला माझी हरकत नाही. आमच्या दिंडीतल्या सत्तरीच्या मावशी कुठल्याही नटीला दमवतील!

माझी तक्रार आहे ती प्रश्नाबद्दल. या मावशींना एका वार्ताहराने विचारलं, ‘विठोबाकडे काय मागितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘मागायचं काय? नेम हाय, म्हणून चालते.’ एवढ्याने त्याचं भागेना. तीनदा विचारल्यावर मावशी म्हणाल्या, ‘पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे.’ बातमीत तेवढंच आलं. पुढच्या वर्षी माईक दिसताच मावशींनी ते वाक्य आपणहून म्हटलं.

हे मला फार लागलं. गळ्यात तुळशीची माळ घातली की एकादशी आली, वारी आली. त्यात देवाशी देवघेव नसते. मावशींचं पहिलं उत्तर खरं होतं, आणि तेच कापलं गेलं. आपली श्रद्धा कशी बोलून दाखवायची, हे आता माईकवाला शिकवतो.

मुक्कामी पोचल्यावर समाजआरती होते. तेव्हा कॅमेरे बहुधा पुढच्या बातमीकडे गेलेले असतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, समजूत घालतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. त्यानंतर आरती. म्हणजे देवाच्या दारातही आधी भांडण मिटवायचं, कुणाचा हरवलेला तांब्या परत करायचा! पाटीलबाईंच्या वर्गात आमचा डबा हरवला की बाईही पाढे थांबवायच्या, त्याची आठवण होते.

ज्यांना वारी बघायची इच्छा असेल, त्यांनी दिवे घाटातल्या गर्दीत येऊ नये. संध्याकाळी तळावर या. जेवायला आमच्याच दिंडीत बसा, पत्रावळ मिळेल. मावशींशी ओळख करून देईन, फक्त मोबाईल खिशात ठेवा.